दुपारपाळी

आळस झटकायचा म्हणजे पहाटे लवकर उठायचं, असं लहानपणापासून सगळेच सांगत आले. कुर्ल्यात राहणाऱ्या माणसाला या उपदेशाचा फारसा उपयोग नाही. इथली पहाट कुणाला लोळू देतच नाही. चारच्या सुमाराला रुळांचा खडखडाट सुरू होतो, पाठोपाठ अजान, मग पाण्याची वेळ, नळाखाली बादल्या सरकवल्याचे आवाज, जिन्यावर पेपरवाल्याच्या चपला, आणि सहाच्या सुमाराला देवळाची घंटा. आम्ही गावठाणातले ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणत आलो. एवढं सगळं मिळून माणसाला उठवतं. त्यात त्याचा स्वतःचा पराक्रम थोडाच असतो. खरी परीक्षा पुढे असते. डबे जातात, मुलं शाळेत पोचतात, कचेऱ्यांमध्ये पहिला चहा होऊन गेलेला असतो, आणि घड्याळात अकरा-साडेअकरा वाजतात. तिथपासून दोन वाजेपर्यंतचा जो पट्टा आहे, तो मला दिवसातला सगळ्यात अवघड वाटतो.

या वेळी अंगात बळ असतं, काम समोर असतं, ते कसं करायचं हेही ठाऊक असतं, आणि तरी हात त्याला लागत नाही. शिवायला काढलेलं कापड मशीनवर तसंच पसरलेलं राहतं. बँकेत जायचं असतं, ते उद्यावर जातं. आजारी माणसाला फोन करायचा म्हणून मोबाइल हातात घ्यावा, तर बोट भलतीकडेच फिरू लागतं आणि पाऊण तास कुठे गेला कळत नाही. झोप आलेली नसते. विश्रांती म्हणावी तर तीही मिळत नाही. मन एकाच जागी उभं राहून पाय आपटत असतं.

या दुपारचं सर्वांत नेमकं वर्णन मी वाचलं ते सोळाशे वर्षांपूर्वीच्या एका ख्रिस्ती तपस्व्याच्या लिखाणात. त्याचं नाव इव्हाग्रियस. कॉन्स्टँटिनोपलसारखं राजधानीचं शहर सोडून तो इजिप्तच्या वाळवंटात जाऊन राहिला आणि ३९९ साली तिथेच वारला. माणसाचं मन कुठल्या कुठल्या विचारांनी पोखरलं जातं याची त्याने बारकाईने नोंद केली, आणि त्यांतल्या एकाला त्याने दुपारचा सैतान म्हटलं. त्याच्या हिशेबाने हा सैतान सकाळी दहाच्या सुमाराला येतो आणि दोनपर्यंत ठाण मांडतो. तो आला की सूर्य जागचा हलत नाहीसा वाटतो, दिवस पन्नास तासांचा होतो. साधू खोलीबाहेर येऊन जेवणाची वेळ किती लांब आहे ते बघतो, मग कुणी भेटायला येतंय का म्हणून इकडेतिकडे बघतो. त्याला आपली खोली नकोशी होते, हातातलं काम नकोसं होतं. इथल्या माणसांत आता पहिल्यासारखं प्रेम राहिलेलं नाही, असं वाटू लागतं. कुणी कधी दुखावलेलं असेल तर तेही नेमकं तेव्हाच आठवतं. दुसऱ्या गावी गेलो तर काम सोपं मिळेल, पोटही नीट भरेल, आणि देव काय, तो कुठेही भेटतोच, असे पटण्याजोगे युक्तिवाद सुचत जातात.

पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मी वरच्या खिडकीशी बसले होते, खाली गल्लीत रिक्षांचा कल्लोळ चालला होता, आणि इजिप्तच्या त्या निर्मनुष्य वाळूतल्या माणसाला माझी दुपार ठाऊक आहे हे पाहून अंगावर काटा आला. त्याच्या वर्णनात लोळणं नाही की घोरणं नाही. सगळा खेळ अस्वस्थपणाचा आहे. जिथे आहोत तिथे नसावं, जे हातात आहे ते नसावं, ही त्या दुखण्याची मुळी. नीतिसूत्रांच्या पुस्तकात आळशी माणूस बिजागरीवर फिरणाऱ्या दारासारखा अंथरुणावर कुशी बदलत असतो. दार दिवसभर हलत राहतं, पण चौकट सोडून कुठेच जात नाही. फोनवर फिरणारं बोट पाहिलं की मला ते दार आठवतं.

कुर्ल्याला आळशी म्हणायची कुणाची छाती होणार नाही. या गावाचा इतिहासच कष्टाचा आहे. मिठी नदीच्या आणि खाडीच्या चिखलातले मासे धरणारे, मिठागरांत राबणारे, भातशेती करणारे लोक इथे आधीपासून होते. गावाला नावसुद्धा कुर्लीवरून, म्हणजे खाडीतल्या खेकड्यावरून पडलं असं सांगतात. आमचं होली क्रॉस चर्च पोर्तुगीज अमलातलं, १८४८ मध्ये ते पुन्हा बांधलं गेलं. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी निघाली ती कुर्ल्यावरून गेली, आणि ३ फेब्रुवारी १९२५ला देशातली पहिली विजेवरची गाडी धावली तीही व्हिक्टोरिया टर्मिनसपासून कुर्ल्यापर्यंत. त्याआधीच इथे गिरण्या उभ्या राहिल्या होत्या. जमशेटजी टाटांनी १८८६ साली इथली धरमसी गिरणी विकत घेतली आणि तिला स्वदेशी हे नाव दिलं. पुढे प्रीमियरच्या कारखान्यातून मोटारी बाहेर पडू लागल्या. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीचं पिढ्यान् पिढ्यांचं रूप या गावात घडलं. आज त्या जागांवर मॉल आहेत, काचेच्या इमारती आहेत, आणि संध्याकाळी स्टेशनच्या पुलावर पाय ठेवायला जागा नसते.

आणि तरी या धावत्या गावात आळस भरपूर आहे, असं मला मनापासून वाटतं. माणूस दिवसभर कामाला जुंपलेला असूनही त्याच्या आयुष्यातली जी खरी कामं आहेत, ज्यांना पगार नाही आणि ज्यांची हजेरी कुणी घेत नाही, ती वर्षानुवर्षं पडून राहू शकतात. भावाशी अबोला धरलेला असतो, तो मोडायचा असतो. मुलीशी नीट बोलायचं असतं. बाप म्हातारा झालेला असतो, त्याच्यापाशी अर्धा तास बसायचं असतं. रात्री दोन मिनिटं गुडघे टेकायचे असतात. यांतलं एकही काम अवघड नसतं, आणि नेमकं तेच होत नाही. संत थॉमस अक्विनासने आळसाची मांडणी याच अंगाने केली. त्याच्या मते देवाच्या संगतीत जो आनंद मिळायचा, त्याच आनंदाचं ओझं वाटणं म्हणजे आळस. म्हणून त्याने हे पाप शब्बाथाच्या, म्हणजे विश्रांतीच्या दिवसाच्या, आज्ञेविरुद्ध धरलं. मला हे फार खोल वाटतं. आळशी माणूस कामाला चुकतो एवढंच आपण बघतो. त्याला स्वस्थ बसताही येत नाही हे आपल्या ध्यानात येत नाही. रविवारी मिस्सा झाल्यावर मॉलमध्ये चार तास उगाच हिंडून आणखी थकून घरी येणारी कुटुंबं मी पाहते, तेव्हा मला वाटतं, यांना कामाने नाही दमवलं.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण ती माझ्या घरातली आहे. माझे वडील गिरणीत होते. साडेतीनची दुपारपाळी असली की ते दोनच्या ठोक्याला जेवून तयार असायचे. पितळी डबा, खिशात जपमाळ, डोक्यावर टोपी. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि तो संपला असं कुणी कधी धडपणे सांगितलंच नाही. वडील घरी बसले. साडेतीन वाजता त्यांना काय करावं ते कळायचं नाही. दाराच्या चौकटीला हात लावून ते गल्लीकडे बघत उभे राहायचे. आणि त्या दिवसांत एका नातेवाइकाने आमच्याच घरात जेवायला बसून संत पौलाचा दाखला दिला, की जो काम करायला तयार नाही त्याने खाऊही नये. आईने त्याच्या ताटात भात वाढला आणि काही बोलली नाही.

पौलाने ते ज्यांना लिहिलं त्यांची गोष्ट निराळी होती. थेस्सलनीकेच्या मंडळीत काही माणसं उद्योगधंदा सोडून लोकांच्या भानगडींत लुडबुड करत फिरत होती. काम असून ती करत नव्हती. पौल स्वतः तंबू शिवणारा. करिंथमध्ये अक्विला आणि प्रिस्किल्ला या जोडप्याच्या घरी राहून तो त्यांच्याबरोबर तंबूच शिवायचा आणि आपल्या पोटाचा भार कुणावर टाकायचा नाही. असा माणूस टाळं लागलेल्या गिरणीच्या कामगाराला उपाशी राहा म्हणेल, हे मला कधीच खरं वाटणार नाही. शिवाय त्याच शास्त्रात प्रभू येशूने सांगितलेली द्राक्षमळ्याच्या धन्याची गोष्ट आहे. धनी दिवस मावळायला तासभर उरला असताना बाजारात जातो, तिथे उभ्या असलेल्या माणसांना विचारतो, की दिवसभर रिकामे का उभे आहात. ते म्हणतात, आम्हाला कुणी कामावर घेतलंच नाही. धनी त्यांना उलट बोलत नाही, प्रवचन देत नाही. मळ्यात पाठवतो, आणि संध्याकाळी पुरी मजुरी हातावर ठेवतो. सकाळी नाक्यावर पिशवीत थापी-रंधा घेऊन उभे असलेले मजूर उन्हं चढली तरी तसेच उभे दिसले की ही गोष्ट मला आठवते. गरिबाच्या रिकाम्या हातांना आळशी म्हणण्याआधी माणसाने दहादा विचार करावा. आजाऱ्याला, बाळंतिणीला, मनाने खचलेल्यालाही तसं म्हणू नये. आळस हा शब्द आपण दुसऱ्याला फार सढळपणे लावतो. तो स्वतःपुरता ठेवला तरच कामाचा आहे.

स्वतःपुरता तपासायचा तर मला दुसरा एक दाखला जवळचा वाटतो. धनी परगावी जाताना तीन नोकरांकडे पैसे सोपवून जातो. दोघे व्यवहार करून ते वाढवतात. तिसरा जमीन खणून आपला वाटा पुरून ठेवतो. परत आल्यावर धनी या तिसऱ्याला आळशी म्हणतो. मी कितीदा तरी ही गोष्ट मिस्सेत ऐकली असेल, पण एका वर्षी अचानक लक्षात आलं की त्या माणसाने खड्डा खणला होता! कुदळ आणली असेल, घाम गाळला असेल, माती पुन्हा सपाट केली असेल. कष्ट झाले, तेही जे मिळालं होतं ते गाडण्यासाठी. आणि त्याने कारण काय सांगितलं? मला भीती वाटली. धनी कडक आहे, चूक झाली तर काय, म्हणून हात लावला नाही.

माझ्या ओळखीच्या कितीतरी माणसांचा आळस असा भीतीच्या पोटी जन्मलेला आहे. उत्तम आवाज असलेली बाई क्वायरमध्ये येत नाही. कपाटात पेटी आहे, वर चादर घातलेली. लिहिता येणारा मुलगा अर्ज लिहीत नाही, कारण न लिहिलेल्या अर्जाला नकार येत नाही. लोक त्यांना आळशी म्हणतात, तेही हसून मान्य करतात, कारण आळशी म्हणवून घेणं भित्रा म्हणवून घेण्यापेक्षा सोपं असतं. अशा माणसाला फटकारून उपयोग नसतो. आपला धनी तसा कडक नाही, तो जे देतो ते मोडलं तरी पुन्हा देतो, हे त्याला कुणीतरी जवळ बसून सांगावं लागतं. आळसावरच्या ख्रिस्ती विचाराचं मर्म मला इथे दिसतं. देवाची ज्याला धास्ती वाटते तो खड्डा खणतो. ज्याला भरवसा वाटतो तो बाजारात उतरतो.

मग करायचं काय? वाळवंटातल्या त्या साधूंच्या गोष्टींतच याचं उत्तर आहे, आणि ते इतकं साधं आहे की आधी विश्वास बसत नाही. संत अंथनी एकदा या दुपारच्या दुखण्याने फार बेजार झाला. देवा, मला तरून जायचं आहे पण हे विचार सोडत नाहीत, असं त्याने म्हटलं. थोड्या वेळाने बाहेर येऊन बघतो तर त्याच्यासारखाच एक माणूस बसून दोरी वळतोय. थोडी दोरी वळून झाली की तो उठतो, प्रार्थना करतो, पुन्हा बसून वळायला लागतो, पुन्हा उठतो. तो देवदूत होता. असंच कर, तरशील, एवढंच त्याने सांगितलं. मोठा संकल्प नाही, वेळापत्रक नाही. थोडी दोरी, थोडी प्रार्थना, पुन्हा थोडी दोरी.

मी हे आईला करताना पाहिलं होतं. तिने अंथनीची गोष्ट कधी वाचली नसणार. उन्हाळ्यात आमच्या ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्या मूळच्या ख्रिस्ती, घरांतून बॉटल मसाल्याचा हंगाम असतो. मिरच्या गल्लीत चटयांवर वाळत पडतात, काश्मिरी वेगळी, रेशमपट्टी वेगळी, आणि मग त्यांची देठं काढायची. कांडायला बायका यायच्या, त्या एका उखळात आळीपाळीने मुसळ घालत आणि ताल एकदाही चुकत नसे. ते बघायला सगळी पोरं जमायची. भाजण्याचा ठसका, धणे, तीळ, खसखस, दगडफूल, त्यात गहू आणि चणेसुद्धा, असे पंचवीस-तीस जिन्नस, चाळण, मग काळपट बाटल्यांत काठीने ठासून भरणं, या सगळ्याला सणाची गंमत होती. देठांना मात्र कुणी वाली नसायचा. दुपारी बाराच्या पुढे, घरात उकडतंय, समोर मिरच्यांचा ढीग, बोटांची आग होतेय, डोळ्याला हात लावायची सोय नाही. देठ मोडलं की बारीकसा टक् असा आवाज, मिरची उजवीकडे, देठ डावीकडे. ढीग काही कमी होत नाही. इव्हाग्रियसचा सूर्य आमच्या कौलांवर तसाच थांबलेला असायचा.

आई बोटांना खोबरेल लावून बसायची आणि जपमाळ सुरू करायची. माळ हातात नसे, मिरच्याच माळ. अर्धी नमो मरिया ती म्हणायची, उरलेली अर्धी आम्ही मुलं. दहा झाल्या की ती एका माणसाचं नाव घ्यायची. हे दहा मणी समोरच्या घरातल्या आजारी आंटीसाठी. हे बाबांच्या गिरणीतल्या अमक्यासाठी, त्याचं घर चालत नाही. हे ज्या घरात या मसाल्याची बाटली जाणार त्या घरासाठी. माझ्या हातातल्या मिरचीला एकदम पत्ता मिळायचा. ज्या कामाला कुणाचं तरी नाव लागलं, ते ओढावं लागत नाही, हे मी त्या ढिगापाशी शिकले. वेळ तेवढाच लागतो, आगही तेवढीच होते. पण मन दाराबाहेर पळत नाही.

या गोष्टीचा मोठा दाखला आपल्या महाराष्ट्रात पंडिता रमाबाईंचा. केडगावच्या मुक्ती मिशनविषयी लोक बोलतात ते दुष्काळात त्यांनी वाचवलेल्या मुलींबद्दल, आणि ते योग्यच आहे. तिथे प्रत्येक मुलीच्या हाताला काम होतं, विणकाम, शेती, छापखाना; उद्ध्वस्त होऊन आलेल्या पोरी खिळे जुळवायला शिकल्या. मला मात्र रमाबाईंची शेवटची वर्षं जास्त ओढतात. बायबलचं मराठी साध्या बाईला कळत नाही, हे त्यांना खुपत होतं. म्हणून उतारवयात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि अख्खं बायबल एकटीने सोप्या मराठीत आणायला बसल्या. पत्नी झाल्या होत्या, विधवा झाल्या होत्या, जगभर नाव झालं होतं, संस्कृतच्या जोरावर पंडिता ही पदवी मिळाली होती. त्यांनी हात टेकले असते तर कुणी दोष दिला नसता. कान जवळजवळ गेले होते. १९२१च्या जुलैत त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, जिच्यावर संस्थेचा पुढचा भार टाकायचा होता. तरी टेबलावरचा कागद पुढे सरकत राहिला. ५ एप्रिल १९२२ला त्या गेल्या, आणि शेवटची मुद्रितं त्यांनी जेमतेम त्याआधी तपासून संपवली होती, असं सांगतात. पुस्तक १९२४ मध्ये बाहेर आलं. मनोरमा गेल्यानंतरच्या त्या महिन्यांतल्या दुपारींचा मी पुष्कळदा विचार करते. एक वचन, त्याचं हिब्रू, मग मराठी, मग पुढचं वचन. प्रत्येक दिवशी कुठल्या तरी अडाणी बाईचा चेहरा त्यांच्या डोळ्यांसमोर असणार. नाहीतर एवढी दोरी कुणाच्याने वळवेल?

कुर्ल्याने हे एकदा सगळ्या गावाने मिळून अनुभवलं. २६ जुलै २००५ला सांताक्रूझच्या वेधशाळेने चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला आणि मिठी आमच्या घरांत आली. त्या रात्री कुणी आळस केला नाही. पोरं दोऱ्या बांधून छातीएवढ्या पाण्यात उतरली, वरच्या मजल्यावरच्यांनी अनोळखी लोकांना घरात घेतलं, कुणी कुणाचा जात-धर्म विचारला नाही. संकटात माणूस आपोआप मोठा होतो. पाणी ओसरल्यावर खरी कसोटी लागली. भिंतींवर कमरेएवढा करडा चिखल, गादीत चिखल, लग्नाच्या अल्बममध्ये चिखल. पहिले काही दिवस स्वयंसेवक आले, पावाचे आणि बिस्किटांचे पुडे आले. मग ते यायचे थांबले, आणि चिखल तसाच राहिला, वाळून भिंतीला धरलेला. खरवडायला घेतला की तासाभरात हातभर भिंत मोकळी व्हायची. तेव्हा दुपारचा तो सैतान घराघरातून फिरत होता. हे घर सोडून नालासोपाऱ्याला जाऊ, विरारला जाऊ, इथल्या लोकांत आता पहिल्यासारखं राहिलं नाही, हे सगळं मी त्या आठवड्यांत शब्दशः ऐकलं. ज्यांची घरं आधी सावरली त्यांना काही जास्त उत्साह होता असं नाही. ती माणसं दोन-तीन घरं मिळून एका घराला लागत होती, ते झालं की दुसऱ्याला. स्वतःची भिंत खरवडताना हात गळून जातात. शेजारणीची खरवडताना गप्पा होतात, चहा होतो, आणि भिंत संपते.

त्या वाळवंटातल्या इव्हाग्रियसने आणखी एक गोष्ट लिहून ठेवली आहे. दुपारचा सैतान सगळ्यांत जड, पण तो परतवला की त्याच्या मागून दुसरा कुठलाच लगेच येत नाही. मनात गाढ शांती आणि सांगता न येणारा आनंद भरून येतो. माझा याच्यावर विश्वास आहे. दोन वाजता काम उरकून हात धुताना त्या आनंदाची चव कधीकधी जिभेवर येते.

आपल्या जोरावर हे होत नाही, हेही खरं. गेथशेमानेच्या बागेत प्रभूच्या सर्वांत जवळच्या तिघांनाही जागं राहता आलं नाही. तो पुन्हा पुन्हा त्यांच्यापाशी आला. ते झोपलेले दिसले, तरी त्याने त्यांना टाकून दिलं नाही. त्यांचं मन तयार आहे, शरीर कमजोर आहे, हे त्यानेच ओळखलं. आणि कफर्णहूमात पेत्राच्या घरी गेला तेव्हा पेत्राची सासू तापाने पडलेली होती. शब्बाथाचा दिवस, सभास्थानातून सगळे नुकतेच परतलेले. त्याने तिचा हात धरला आणि तिला उठवलं. ताप उतरला, आणि ती पाहुण्यांच्या सेवेला लागली. शुभवर्तमानातल्या मोठमोठ्या चमत्कारांत ही गोष्ट दोन-तीन ओळींत आटोपते. मला ती फार आवडते. आधी त्याचा हात आला. मग तिचं उठणं, मग चूल. बिछान्यावर पडल्या पडल्या उठण्याचं बळ आपणच गोळा करायचं असतं, असा तिच्यावर कुणी भार टाकला नाही. सकाळी अंथरुणात आणि दुपारी बारा वाजता मी हल्ली एवढंच मागते, हात दे. मग जे पहिलं काम समोर असेल ते घेते. सगळ्यांत महत्त्वाचं कुठलं हे ठरवत बसत नाही, कारण ठरवत बसणं हाही दारात उभं राहण्याचाच एक प्रकार आहे.

आज दुपारी ते पहिलं काम म्हणजे मागच्या चाळीतल्या आंटींकडे जाणं. त्या नव्वदीच्या आहेत, तिसऱ्या मजल्यावर राहतात, लिफ्ट नाही. आठवडाभर जायचं राहून गेलं आहे. लाइट बिल भरून त्याची पावती नेऊन द्यायची आहे, आणि त्यांना मोठ्या आवाजात आजचं शुभवर्तमान वाचून दाखवायचं आहे. चष्म्याचा आता उपयोग होत नाही. पावती पर्समध्ये टाकली, छत्री घेतली. दार वाजवल्यावर आतून कडी काढायला त्यांना वेळ लागतो, आणि कडी निघायच्या आधीच त्यांचा आवाज येतो, "आता सवड झाली का गो तुला? ये, ये, बस आधी."